तीन अकाउंट, एक लॅपटॉप: प्रोफाईल घ्यायचं की कंटेनर?

घरचं मेल, हिंजवडीच्या ऑफिसचं मेल आणि त्यात सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलेलं असेल तर तिसरं, म्हणजे लॉगिनची सरमिसळ ठरलेलीच. त्यावर उपाय दोन. क्रोम, एज या ब्राउझरमधली प्रोफाईल्स (फायरफॉक्स या ब्राउझरमध्येही आहेत), नाहीतर फायरफॉक्सचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन, २०१७ पासून आहे. मी दोन्ही वापरलीत.

प्रोफाईल म्हणजे सरळ वेगळं बिऱ्हाड. हिस्टरी, बुकमार्क, एक्स्टेन्शन्स, क्लाउड सिंक सगळं ज्याचं त्याचं. कंटेनरमध्ये कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या छोट्या नोंदी) आणि साइटने साठवलेला डेटा तेवढा वेगळा, बाकी सामाईक, आणि टॅब एकाच विंडोत, रंगावरून ओळखायचे.

आता मला छळलं ते लिंकांनी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी मेंटेनन्सच्या शीटची लिंक टाकतं, लॅपटॉपवर क्लिक केलं की ती उघडते शेवटी वापरलेल्या प्रोफाईलच्या विंडोत, म्हणजे दिवसभर ऑफिसच्याच, आणि समोर येतं 'ॲक्सेस नाही, रिक्वेस्ट पाठवा'. मग लिंक कॉपी करा, दुसरी विंडो हुडका, तिथे पेस्ट करा, ऑडिटच्या दिवसांत तर डोकंच फिरतं. खरं सांगायचं तर कंटेनरलाही आपोआप काही कळत नाही, कारण तिन्ही अकाउंटच्या शीट्स एकाच डोमेनवर (साइटच्या पत्त्यावर), त्यामुळे 'ही साइट कायम याच कंटेनरमध्ये' ही सोय इथे कुचकामी (ऑफिसच्या जिराला, म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या साइटला, मात्र झकास चालते). पण टॅबवर राइट क्लिक करून तीच लिंक सोसायटीच्या कंटेनरमध्ये उघडता येते, विंडो न बदलता. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

शिवाय प्रोफाईल्समध्ये ॲडब्लॉकर, मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन वगैरे दर ठिकाणी नव्याने लावत बसा. सिंकने एक्स्टेन्शन आलं तरी त्याची सेटिंग्ज येतीलच असं नाही, क्रोमच्या सिंकमध्ये एका एक्स्टेन्शनला जागाच जेमतेम १०० केबी, ॲडब्लॉकरसारख्यांच्या मोठ्या याद्या त्याच मशिनवर राहतात. कंटेनर्सचं सिंक चालू केलं तर नावं, रंग, कुठली साइट कुठे हे मोझिला (फायरफॉक्स बनवणारी संस्था) अकाउंटवरून दुसऱ्या मशिनवर येतं. लॉगिन मात्र परत करावं लागतं, आणि ते बरंच आहे.

कंटेनर सगळ्यांनाच सोयीचं पडेल असं नाही. मोबाईलवर ते नाही. हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड एकत्रच, त्यामुळे लॅपटॉप घरात दोघं-तिघं वापरत असतील तर प्रोफाईलच घ्या. आणि ज्या एक्स्टेन्शनला 'सगळ्या साइट्स'ची परवानगी दिलीय त्याला सगळ्याच कंटेनरमधली पानं वाचता येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ऑफिसवाल्यांनी ब्राउझर ठरवूनच दिला असेल तर विषयच मिटला.

माझं रोजचं सगळं कंटेनर्समध्ये चालतं, फक्त बँकेसाठी एक वेगळं प्रोफाईल ठेवलंय, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही.