चार ओळींचे भात लावणी यंत्र: इंजिनाआधी ट्रे मोजा

चालत चालवायचे हे यंत्र काम चोख करते, पण ट्रेमध्ये मातीच्या पातळ थरावर वाढवलेले, मुळे गुंतून चटईसारखे झालेले रोप असेल तरच. दोन ओळींतले अंतर ३० सेंटिमीटर कायमचे. बदलता येते ते ओळीतल्या दोन चुडांतले (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांतले). ते १५ सेंटिमीटर ठेवले तर एकरी ८० ते ९० ट्रे लागतात. ट्रेला १०० ते १२५ ग्रॅम सुके बियाणे धरले की एकरी साधारण दहा किलो. बी विरळ पडले तर मुळे एकमेकांत गुंतत नाहीत, चटई फाटते आणि यंत्राची रोप उचलून लावणारी बोटे रिकामी फिरतात. दाट पडले तर रोपे काटकुळी. ट्रेमधला मातीचा थर दोन-अडीच सेंटिमीटर, माती चाळलेलीच; यंत्राचे बोट वाकवायला एक खडा पुरतो.

रोप १५ ते २० दिवसांचे हवे. महिन्याचे उंच रोप यात चालत नाही, आणि बहुतेकांचे गणित इथेच फसते: पाणी लांबले, रोप वाढले, यंत्र उभे. म्हणून ट्रे एकदम न पेरता पाच-पाच दिवसांच्या अंतराने पेरावेत.

चिखलणीनंतर गाळ बसू द्या. हलक्या जमिनीला एक दिवस, भारीला दोन-तीन. चिखलात बोटाने रेघ ओढा. लगेच मिटली तर थांबा. अशा रानात यंत्र चिखलाची लाट ढकलते आणि शेजारची ओळ गाडते. पाणी एक-दोन सेंटिमीटरच, जास्त झाले की रोपे तरंगतात.

छोट्या, वेड्यावाकड्या खाचरांत मात्र लावणीपेक्षा वळणेच जास्त. दोन्ही टोकांना एका फेरीची, म्हणजे १२० सेंटिमीटरची पट्टी सोडून ती शेवटी लावावी, कोपरे हातानेच. शंभरात पाचेक नांगे, म्हणजे रोप न पडलेल्या जागा, चालतात. जास्त दिसले तर आधी चटई सुकून अडकलीय का पाहा, पाणी शिंपडा. मग यंत्राच्या बोटांकडे वळा.

एक-दोन एकरांसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. वर्षातले काही दिवस काम, उरलेले गंजणे. ट्रेसकट भाड्याने मिळत असेल तर उत्तम. घेताना चारही बोटे शेजारी धरून झीज पाहा. एकच झिजलेले असेल तर दर चार ओळींतली एक विरळ येते, आणि ते कळते रान लावून झाल्यावर.