लाइव्हच्या पोटात रीझनचा रॅक

ढोलकी, संबळ आणि कोरस मी एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतो, पण बेस नि सिंथला (इलेक्ट्रॉनिक आवाजांना) मला रीझन हे दुसरं म्युझिक सॉफ्टवेअरच लागतं. गिरगावातल्या आमच्या खोलीत गणपतीआधी हीच जोडी चालू असते.

पूर्वी ही दोन्ही सॉफ्टवेअर रीवायरने, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या दुव्याने, जोडायची. आधी लाइव्ह उघडायचं, मग रीझन. बंद करताना उलटं. शिवाय दोन फायली वेगवेगळ्या सेव्ह करायच्या. 2020 संपता संपता रीवायर निवृत्त झालं. खरं सांगू, मला काही वाईट वाटलं नाही.

आता रीझन रॅक प्लगइन वापरतो, म्हणजे रीझनची वाद्यं आणि इफेक्ट्स रचलेलं कपाट (रॅक) थेट लाइव्हच्या आत उघडतं. हे रीझन 11 सोबत 2019 मध्ये आलं. लाइव्हच्या मिडी ट्रॅकवर (जिथे आवाजाऐवजी सुरांच्या नोंदी असतात) टाकायचं की अख्खा रॅक समोर, मागच्या केबल्सकट! टॅब दाबून रॅक मागे वळवून त्या उलटसुलट जोडण्यात माझी अर्धी रात्र जाते, तो भाग वेगळा. सगळं लाइव्हच्याच फायलीत सेव्ह होतं. मंडळाचे काका महिन्याने येऊन "बेस जरा वाढव रे" म्हणाले, तरी एकच फाइल उघडायची.

उणीव एकच, पण मोठी: रीझनचा सिक्वेन्सर, म्हणजे गाणं क्रमाने रचायचा भाग, यात नाही. त्यात रचलेली जुनी गाणी इथे उघडत नाहीत. त्यासाठी दोन्ही सॉफ्टवेअर स्वतंत्र चालवून लिंक ही एबलटनची जुळवणीची सोय चालू करता येते, पण तिने या दोघांचा टेम्पो आणि ताल जुळतो, रीझनचा आवाज लाइव्हमध्ये येत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी आधी ट्रायल वापरावी. रेकॉर्डिंगला ऑडिओ सेटिंगमधला बफर (कमी ठेवला तर आवाज कमी उशिराने येतो, पण कॉम्प्युटरवर ताण वाढतो) 128 सॅम्पल्स, मिक्सिंगला 512 ठेवा.