अमदावादनी गुफा: आधी छप्पर बघा

चोवीस वर्षं पुण्यात गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतोय. विटांचा कोबा, पाण्याला ढाळ, वर पांढऱ्या सिमेंटात चायना चिप्स, म्हणजे टाइल्सचे फुटके तुकडे. पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, टोपलीतले तुकडे नीट मिसळून घ्या, एका रंगाचे दोन शेजारी नकोत. तरी काम संपल्यावर जिन्यातून मागे वळून पाहिलं की कुठे मासा दिसतो, कुठे नाक. एका घरच्या आजींना त्यात गणपती दिसला होता, त्या रोज तिथे फूल ठेवायच्या.

म्हणून लेक अहमदाबादला ही गुफा दाखवायला घेऊन गेली, तेव्हा आत जायच्या आधी मी छपराभोवतीच फिरत राहिलो. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी बांधलेली ही जागा. दोशी जन्मले पुण्यात, हुसेन पंढरपुरात. जमिनीतून कासवाच्या पाठी वर आल्यासारखे घुमट आहेत, फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर थापलेल्या सिमेंटच्या, पातळ कवचाचे, आणि त्यांवर टाइल्स-क्रॉकरीचे फुटके तुकडे. अख्खी टाइल अशा फुगवट्यावर बसतच नाही, कडा उचलते. तिथे तुकडाच लागतो, आणि वळण जेवढं घट्ट तेवढा तो बारीक.

पांढऱ्या चिप्समधून काळा नाग जातो. हातभर अंतरावर तो नसतोच. नुसते काळे वेडेवाकडे तुकडे आणि मधल्या सिमेंटच्या रेघा. वीसेक पावलं मागे सरकलो आणि नाग दिसला. घुमटापलीकडे गेला की तो तुटायला हवा, पण आपला डोळा न दिसणारा भागही जोडून घेतो. आम्ही आयुष्यभर जे टाळत आलो, त्यावरच इथलं हे काम उभं केलंय. मी बराच वेळ पुढे-मागे करत होतो, लेक थांबून राहिली बिचारी.

आत तिरके खांब, वरच्या नळकांड्यांतून पडणारे उजेडाचे गोल, आणि हुसेननी थेट भिंतींवर काढलेली चित्रं. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबा, घाईने बाहेर पडू नका.

शक्यतो तिरपं ऊन असताना जा. हाताने बसवलेल्या चिप्सचा प्रत्येकीचा कोन किंचित वेगळा असतो, त्यामुळे आपण चालू लागलो की एकेक तुकडा आळीपाळीने चमकतो. आत जाण्यापूर्वी छपराला एक फेरी मारा, आणि बाहेर आल्यावर दुसरी, उलट्या दिशेने.