लॉगिन कुकीसाठी सेमसाइट 'लॅक्स' की 'नन'?

लॉगिन होतं आणि लगेच पुन्हा लॉगिनचाच फॉर्म समोर येतो. दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची का, हे तिचं सेमसाइट सेटिंग ठरवतं. अशा वेळी बरेच जण डोळे झाकून तिथे 'नन' (None, म्हणजे नेहमी पाठव) लावून टाकतात. घाई करू नका.

ॲप आणि एपीआय एकाच डोमेनच्या सबडोमेनवर असतील तर 'लॅक्स' (Lax, म्हणजे दुसऱ्या साइटवरून साध्या लिंकने आल्यावरच पाठव) पुरतं. ब्राउझर त्यांना एकच साइट धरतो. तिथे बिघाड बहुधा फेचमध्ये (ब्राउझरमधून एपीआयला विनंती पाठवणारं फंक्शन) क्रेडेन्शियल्स, म्हणजे कुकी वगैरे, 'इन्क्लूड' न केल्याचा असतो.

'नन' खरंच लागतं ते सॅमल (SAML, दुसऱ्या सेवेकडून ओळख पटवून घेण्याची पद्धत) लॉगिनमध्ये. ओळख पटल्याचं उत्तर दुसऱ्या साइटवरून पोस्ट (POST) विनंतीने येतं आणि 'लॅक्स' कुकी अशा पोस्टबरोबर जात नाही. गंमत म्हणजे सेमसाइट लिहिलंच नसेल तर क्रोम नव्या कुकीला 2 मिनिटं सूट देतो. म्हणून भराभर पासवर्ड टाकणाऱ्या डेव्हलपरचं चालतं, ओटीपी शोधत बसलेला ग्राहक अडकतो.

'नन'बरोबर 'सिक्युअर' (कुकी फक्त एचटीटीपीएसवर पाठव) हवंच. क्रोमने हा नियम फेब्रुवारी 2020 मध्ये, 80व्या आवृत्तीपासून लावायला घेतला. एक्सप्रेस (नोडचं सर्व्हर फ्रेमवर्क) एनजिनएक्स या प्रॉक्सीच्या मागे असेल तर 'ट्रस्ट प्रॉक्सी' लावा, नाहीतर त्याला कनेक्शन साधं एचटीटीपी वाटतं आणि सेशन कुकी निघतच नाही. वर 'नन'मुळे सीएसआरएफचं (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने विनंती पाठवण्याचं) लचांड आहेच. मी लॉगिनपुरत्या तात्पुरत्या कुकीला 'नन' देतो, मुख्य सेशन 'लॅक्स'वरच ठेवतो.