खाजणाचं टेबल: 2:1 आर्ट रेझिन कितपत चालतं?

रेझिन आर्टचं सामान विकणाऱ्या दुकानांत 2:1 प्रमाणाचं इपॉक्सी मिळतं, ए (रेझिन) आणि बी (ते घट्ट करणारं हार्डनर) अशा दोन बाटल्यांत. वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी लढाई खेळायच्या, टेबलावर दलदल करायला ते चालतं, नदीपेक्षा दलदलीला जास्तच. नदीत एक बुडबुडा राहिला तरी डोळ्यात खुपतो. खाजणात तो कुजक्या गाळातला वायू म्हणून खपून जातो. पाचपैकी चार गुण. उरलेला एक पावसाळ्याने खाल्ला.

समजा 1737-39 च्या वसई मोहिमेसाठी 28 मिमी उंचीच्या मिनिएचरचं (छोट्या सैनिक-पुतळ्यांचं) टेबल करायचंय. तिथे तिवरं आणि चिखल हवाच. तळाला 3 मिमीचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) घ्या आणि दोन्ही बाजूंना रंग मारा, नाहीतर ओल लागून ते पापडासारखं वाकतं. त्यावर वॉल पुट्टी, बारीक वाळू आणि फेव्हिकॉलचा गाळ. पाण्याची खोली रेझिनमुळे दिसत नाही, तळाच्या रंगामुळे दिसते: मधोमध जवळपास काळा तपकिरी, मग मातकट हिरवा, काठाला राखाडी. सगळ्यावर पातळ फेव्हिकॉलचे दोन हात आणि पूर्ण एक दिवस वाळवण. वाळू उघडी राहिली तर तासन्‌तास हवा सोडत बसते. फेव्हिकॉल आतून ओलं असेल तर रेझिन दुधाळ होतं.

तिवराची श्वसनमुळं ओतण्याआधीच रोवायची. वीतभर मूळ या मापात 4 मिमी होतं. जुन्या रंगाच्या ब्रशचे केस त्याच लांबीचे कापा, टाचणीने भोकं पाडा आणि झाडाभोवती दाट, बाहेर जाताना विरळ लावा. एकसारख्या ओळीत लावलीत तर भाताची लावणी दिसेल.

आता हिशोब. 20 बाय 15 सेंमीच्या डबक्यात 4 मिमी पाणी म्हणजे 120 मिली. ते दोनदा ओता, दर वेळी 40 मिली ए आणि 20 मिली बी. लेबलवरचं 2:1 बहुधा आकारमानाचं असतं. ए जड, बी हलकं. त्यामुळे वजनकाट्यावर 40 आणि 20 ग्रॅम घेतलं की हार्डनर जास्त पडतं आणि वरचा थर कायमचा चिकट राहतो. चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा-तळ खरवडत, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. चिकट डाग बहुतेक वेळा कपाच्या कडेला न मिसळलेल्या रेझिनचेच असतात. आणि मिश्रण कपात ठेवून चहाला जाऊ नका, साठून राहिलं की ते तापतं आणि लवकर घट्ट होतं.

पहिल्या थरात काडीच्या टोकाला मावेल इतकंच तपकिरी रेझिन पिगमेंट घाला. ॲक्रेलिक रंगात पाणी असतं, तो जास्त झाला की सगळं गढूळ. दुसरा थर बिनरंगी, पहिला बोटाला चिकटतो पण लागत नाही त्या टप्प्यावर. कडक झाला असेल तर 220 च्या पॉलिश पेपरने घासून. बुडबुड्यांवरून लायटर झरझर फिरवा. हेअर ड्रायर नको, त्याने धूळ येते आणि पाण्याला वळ्या पडतात. रेझिन गवताच्या काड्यांवर चढतंच. सुकल्यावर तिथे मॅट वॉर्निश लावलं की चमक मरते.

हार्डवेअरवाल्याकडे मिळणारं 'फायबर रेझिन' हे नव्हे. ते पॉलिएस्टर रेझिन असतं; ते थर्माकोल आणि एक्सपीएस फोम (थर्माकोलचाच घट्ट भाऊ) खाऊन टाकतं. इपॉक्सी खात नाही.

पावसाळ्याची तक्रार अशी की दमट हवेत सुकताना वर तेलकट, पांढरट साय धरते. कोमट साबणपाण्याने ती निघते, पण पुसली नाही तर पुढचा थर धरत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी लावूनच ओता. ते शक्य नसेल तर वुडलँड सीनिक्सच्या 'रिअलिस्टिक वॉटर'सारखं बाटलीतून थेट ओतायचं पाणी बरं. मिसळायची कटकट नाही, मात्र एका वेळी 3 मिमीच आणि सुकताना आकसतं, त्यामुळे काठाशी पुन्हा भरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी टणटण वाजलं तरी धातूच्या मिनिएचर पहिले 72 तास त्यावर ठेवू नका; बेसचे गोल ठसे उमटतात आणि ते घासूनही जात नाहीत.