गालिच्याचे ब्लीच डाग 'शंभर टक्के' घालवतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका

सरळ आकडा सांगते: ४,४५० रुपये. ८०० 'व्हिजिट'चे आणि पाच डागांचे मिळून ३,६५०, दोन्ही फोनवरून दिले. बिल नाही.

हॉलमधल्या मरून गालिच्यावर कपडे पांढरे करायच्या लिक्विडचे शिंतोडे उडाले आणि पाच ठिकाणी रंग उडून फिकट पिवळे ठिपके उरले. जळगावात जो तो सांगतो, व्हिनेगर टाका. अजिबात टाकू नका, ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ताजं असेल तर टिपून घ्या, साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा टिपा. माशांच्या टाकीच्या दुकानात क्लोरीन मारायचं सोडियम थायोसल्फेट मिळतं, ते उरलेलं ब्लीच मारतं. पण गेलेला रंग त्यानेही परत येत नाही.

मग डाग 'शंभर टक्के' घालवतो म्हणणारा हा माणूस आला तो 'ताई, ताई' करत. आधी कोपऱ्यातला चहाचा डाग काढून दाखवला. चहाचा! तो तर मीही काढला असता. मग बाटलीतला रंग ब्रशने लावून वर पंखा लावला. 'दोन दिवस पाणी नको,' म्हणाला. डाग खरंच दिसेनात. सासूबाईंनीही मान डोलावली, मग मी एकटीनेच शंका का काढायची?

पण बेसिनवरचं दृश्य डोक्यातून जात नाही. त्याने हात धुतले, साबण नाही, काही नाही, आणि मरून पाणी भळभळ वाहिलं. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी! बोटांवरून साध्या पाण्याने जातो तो रंग गालिच्यावर कसा टिकणार? विचारलं तर म्हणे, 'जास्तीचा रंग आहे ताई, आतला पक्का.' आणि मी पैसे पाठवले. गालिच्याच्या मागे नायलॉन लिहिलंय. नायलॉनला अ‍ॅसिड डाय लागतो, तोही उष्णता देऊन बसवावा लागतो. त्याच्याकडे ना वाफेचं यंत्र, ना गरम पाणी. पण हे घरात कोणाला माहीत असतं?

पहिल्यांदा ओलं फडकं फिरवलं तेव्हा रंग फडक्यावर आला आणि शेजारच्या फरशीवरही उतरला.

मग चौकी. तिथले साहेब म्हणाले, 'पैसे तुम्हीच दिले ना? काम पण झालं ना?' मी म्हटलं, फसवणूक आहे. तर 'चारसोबीस एवढ्याशा रकमेला लागत नाही.' अहो, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि त्यात रकमेची अट नाही! मला सांगायला लागावं? शेवटी 'सायबरला जा' म्हणून हाकललं. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग चौकीत जा. बँकेने तर फोनवर गाणीच ऐकवली. मी काय चेंडू आहे?

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, हे एकानेही सांगितलं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलून घ्या. आणि बिल घ्याच.

खरा उपाय म्हणाल तर दिवाणाखाली झाकलेल्या भागातून तुकडा कापून डागाच्या जागी चिकटवणे, लव एकाच दिशेला ठेवून. नाहीतर टीपॉय सरकवा. आमचे तीन डाग तसेच झाकलेत.

निघताना तो म्हणाला होता, उद्या अमळनेरला चार घरं आहेत. त्यातलं कोणी वाचत असेल तर एकच डाग करून घ्या, पूर्ण वाळू द्या, पांढरं ओलं फडकं जोरात घासा. पैसे त्यानंतर.