मायक्रोबायोलॉजीची पीएचडी: पुणे की कोल्हापूर?

जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, हातात आहे, घर कोल्हापुरात आहे आणि पुण्यातल्या एखाद्या संस्थेचं मुलाखतीचं पत्र आलंय. एमएस्सी झालेलं कुणी ना कुणी दरवर्षी हा पेच घेऊन माझ्याकडे येतं. मी दोन्हीकडे काम केलंय. आधी पुण्यात दीड वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट होतो, मग इथे कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएचडीला नाव घातलं. नावं कशाला घेऊ, दोन्हीकडची माणसं अजून फोनवर बोलतात.

पुण्याची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. एनसीसीएस, एनसीएल, आघारकर, एनआयव्ही, या सगळ्या मोठ्या संशोधन संस्था एकाच शहरात. रात्री दोनला इन्क्युबेटर उघडायला गेलात तरी शेजारच्या बेंचवर कुणीतरी जागं असतं. तुमचा पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचा प्रयोग) का फसतोय हे चहाच्या टपरीवर तिघं सांगतात, त्यातला एक बरोबर असतो. जिवाणूची नवी प्रजाती मांडायची तर तिचा टाइप स्ट्रेन, म्हणजे नमुना ठरणारं कल्चर, दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडचा एनसीएमआर हा असा संग्रह पुण्यातच आहे.

कोल्हापुरात ही चैन नाही. आमचा कूलिंग सेंट्रिफ्यूज (ट्यूब थंड ठेवून वेगाने फिरवणारं यंत्र) एकदा बंद पडला तो पाच आठवडे तसाच. इंजिनिअर यायचा पुण्याहून, आणि त्याला इकडे दोन-तीन कामं एकत्र जमल्याशिवाय फेरी परवडायची नाही. तेवढे दिवस बर्फात ट्यूब ठेवून अॅक्टिव्हावरून मित्राच्या लॅबमध्ये जात होतो. शिवाय आपल्या विषयावर भांडायला माणूस कमी मिळतो, हे मला सेंट्रिफ्यूजपेक्षा जास्त खुपलं.

पैशाचं थोडक्यात: फेलोशिप दोन्हीकडे तीच, पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झाल्यावर ४२,०००. घरभाडं भत्ता शहराच्या श्रेणीवर: पुण्याला एक्सचा, म्हणजे जास्त, कोल्हापूरला वायचा, म्हणजे कमी. पुण्यात पाषाणला तिघांत एक खोली करून राहिलेल्याला पुढचा हिशेब सांगायला नको.

माझा निकाल मात्र एका थर्माकोलच्या डब्याने लावला. पुण्यात असताना विषय होता कापडाच्या रंगांचं विघटन करणारे जिवाणू, त्यामुळे नमुने इचलकरंजीच्या नाल्यातले. शनिवारी पहाटे नाल्यावर जायचं, बाटल्या भरायच्या, डब्यात बर्फ दाबायचा आणि पुण्याची एसटी धरायची. खंबाटकीत गाडी अडली की बर्फाचं पाणी व्हायचं आणि डब्याच्या कोपऱ्यातून थेंब थेंब खालच्या पिशवीवर. पिशवीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "काय ओ, मासं हायत काय ह्यात?" नाही म्हटलं, नाल्याचं पाणी आहे. त्यांनी पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

असं पाणी बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत जिवाणू वाढवायला प्लेटवर लावायचं असतं. मी चोवीसच्या आत असायचो, कागदावर सगळं ठीक. पण बंद बाटलीत ऑक्सिजन उतरत जातो, भराभर वाढणारे जिवाणू हातपाय पसरतात आणि हळू वाढणारे मागे पडतात. रंग घातलेल्या प्लेटवर दरवेळी त्याच दोन जातींच्या कॉलन्या, बाजूला रंग उडालेलं वलय. मला वाटलं नाल्यात एवढंच आहे. पुढे इथे आल्यावर त्याच नाल्याचं पाणी तासाभरात लावलं, तर प्लेटवर सात-आठ तऱ्हा दिसल्या, त्यातली एक फिकट नारिंगी, चौथ्या दिवशी उगवलेली. माझ्या प्रबंधाचं अर्धं काम तिच्यावर आहे. ही काही रीतसर तुलना नव्हे. ऋतू वेगळा होता, माझा हातही तोवर बसला होता. तरी तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे: शुद्ध कल्चर स्लँटवर (नळीतल्या तिरक्या आगरवर) कुरिअरने पुण्याला जातं, डीएनए जातो, नाला जात नाही.

म्हणून तुमचा प्रश्न क्षयाच्या औषधांचा, विषाणूंचा किंवा प्रथिनांच्या रचनेचा असेल, तर डोळे झाकून पुणे गाठा; इथे थांबून कुढाल. पण तो पंचगंगेत, रंकाळ्याच्या हिरव्या सायीत, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणाऱ्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंट वॉशमध्ये, किंवा दाजीपूरच्या जंगलातल्या मातीत असेल, तर मला वाटतं, कोल्हापूरला आधी संधी द्यावी. मी चुकतही असेन, माझं घर इथेच आहे.

गाईडकडे जागा आहे का, ते मात्र लवकर बघा. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चारच विद्यार्थी. आणि होकार कळवण्याआधी दोन्हीकडे ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) खोलीत जाऊन तिथल्या अटेंडंटला विचारा, हा शेवटचा कधी बंद पडला आणि किती दिवसांनी सुरू झाला. गाईड हे सांगणार नाहीत, त्यांना बहुधा माहीतच नसतं.